कुत्र्याने घरातलं झाड खाल्लं तर: आधी तोंड धुवा, झाड ओळखा, आणि उलटी काढायच्या मागे लागू नका

चिंगी 10 महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मी आतल्या खोलीत काम करत होते आणि बाहेरून चप् चप् असा ओला आवाज येत होता, मला वाटलं पाणी पितेय म्हणून लक्ष दिलं नाही, पण आवाज थांबेचना म्हणून बाहेर आले तर ही दोन्ही पंजांनी तोंड घासतेय, खालच्या ओठातून लाळेची तार पार जमिनीपर्यंत लोंबतेय, आणि बाजूला मनी प्लांटचं एक पान पडलंय, कडेने कुरतडलेलं, मधोमध दातांची भोकं. माझे हातपाय गार पडले. पुढच्या पाच मिनिटांत फोनवर तीन सल्ले मिळाले, एक म्हणाली मिठाचं पाणी पाज म्हणजे उलटी होईल, दुसरा म्हणाला तेल पाज, तिसरी म्हणाली काही होत नाही गं, कुत्री गवत खातातच की. मी मिठाचा डबा हातात घेतलाही होता. तेवढ्यात आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा फोन लागला आणि त्यांनी एवढंच सांगितलं, पानाचा फोटो पाठवा, तिचं तोंड धुवा, आणि उलटी काढू नका.

संध्याकाळपर्यंत चिंगी ठीक झाली. पण त्या दिवसापासून मी हा विषय जमेल तेवढा नीट समजून घेतलाय, आणि जे कळलं ते इथे लिहितेय, कारण घरात ठेवतो त्या बहुतेक झाडांचं एखादं पान पोटात गेल्याने कुत्र्याला जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास आपण घाबरून केलेल्या घरगुती उपायांनी होऊ शकतो. आणि दुसरी बाजू अशी की मोजकी काही झाडं खरंच जीव घेणारी असतात, तिथे वाट बघत बसलं तर उशीर होतो. म्हणून सगळा खेळ झाड ओळखण्यावर येतो.

आधी सौम्य विषारी म्हणजे काय ते बघू, कारण विषारी हा शब्द वाचला की डोळ्यापुढे एकदम भलतंच येतं. सौम्य विषारी झाडाने तोंडाची आग होते, लाळ गळते, एकदोन उलट्या होतात, पोट बिघडतं, कुत्रा अर्धा दिवस मलूल राहतो आणि मग सावरतो. लिव्हर, किडनी, हृदय ह्यांना सहसा धक्का लागत नाही. तरी किती खाल्लं आणि कोणी खाल्लं ह्याने फरक पडतोच, 30 किलोच्या दांडग्या कुत्र्याने अर्धं पान खाणं वेगळं आणि 2 किलोच्या पिल्लाने अख्खी कुंडी साफ करणं वेगळं.

आता मनी प्लांटने नक्की काय होतं. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, डायफेनबेकिया, अ‍ॅग्लोनेमा, पीस लिली, अँथुरियम, कॅलेडियम, झेडझेड प्लांट ही सगळी एकाच कुळातली, अळूच्या कुळातली झाडं. ह्यांच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, पाण्यात न विरघळणारे, आकाराने अगदी सुयांसारखे टोकदार, केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि एकेका पेशीत जुडी बांधल्यासारखे ठासून भरलेले. त्यांना रॅफाइड्स म्हणतात. पान शाबूत आहे तोवर त्या सुया गप्प पडून असतात, पण कुत्र्याने दात लावला की पेशी फुटते, लाळ आत शिरते, आणि त्या सुया बाहेर उडून जीभ, हिरड्या, टाळू, घसा जिथे सापडेल तिथे रुततात. डायफेनबेकियात ह्याच्या जोडीला चामडी सुजवणारी एन्झाइम्सही असतात म्हणून तिथे त्रास जरा जास्त. त्या झाडाला इंग्रजीत डंब केन म्हणतात, म्हणजे मुकं करणारी काठी, कारण माणसाने चावलं तरी जीभ सुजून बोलता येत नाही.

हे एकदा समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. त्रास लगेच का सुरू होतो, तर सुया रुतायला वेळ लागत नाही. बहुतेक कुत्री एकदोन चाव्यांवर का थांबतात, तर तोंड भाजल्यासारखं होतं, पुढे खायची इच्छाच राहत नाही, त्यामुळे पोटात जातं ते थोडंच. सगळ्या अंगात विष का पसरत नाही, तर हे स्फटिक विरघळत नाहीत म्हणून रक्तात फारसे जातच नाहीत, इजा होते ती जागच्या जागी. आणि उलटी का काढायची नाही, तर ज्या सुया कशाबशा खाली उतरल्या त्याच परत अन्ननलिकेतून आणि घशातून वर आणायच्या, म्हणजे एकदा झालेली जखम दुसऱ्यांदा करायची.

सगळी झाडं मात्र अशीच वागत नाहीत. स्नेक प्लांट, ड्रसिना, इंग्लिश आयव्ही ह्यांच्यात सॅपोनिन्स असतात, म्हणजे पाण्यात हलवलं तर साबणासारखा फेस येतो असली द्रव्यं, ती पोटाच्या आतल्या अस्तराला चुरचुर लावतात आणि मग उलट्या जुलाब होतात, ड्रसिनाने कधी उलटीत थोडं रक्तही दिसतं. कोरफडीत गर हा त्रासाचा भाग नाही, सालीच्या लगेच खाली जो पिवळा कडू चीक असतो त्यात जुलाबाचं औषध म्हणावं असं द्रव्य असतं, आणि ते मोठ्या आतड्यात गेल्यावर काम करतं म्हणून खाल्ल्यावर तीनचार तास काहीच होत नाही, आपण सुटलो म्हणतो, आणि रात्री जुलाब सुरू होतात. रबर प्लांट आणि फायकसचा पांढरा चीक तोंडाला आणि कातडीला दोन्हीकडे लागतो. जेड प्लांटमध्ये नक्की कशाने त्रास होतो हे शास्त्रज्ञांनाही उलगडलेलं नाही, पण खाल्लं की उलट्या, सुस्ती, कधी चाल जरा अडखळते. कलांचोने बहुतेक वेळा पोटच बिघडतं, पण त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, म्हणून भरपूर खाल्लं असेल तर मी त्याला सौम्य म्हणणार नाही, सरळ डॉक्टरांकडे.

पॉइनसेटिया, ती लाल पानांची, तिच्याबद्दल मात्र अनेक वर्षं उगाच भीती आहे. 1919 साली हवाईमध्ये एक लहान मूल तिचं पान खाऊन दगावलं अशी गोष्ट पसरली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहिली. 1996 साली अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदींचा अभ्यास छापून आला, माणसांच्या 22,793 घटना त्यांनी तपासल्या, एकही मृत्यू नाही आणि 92 टक्क्यांहून जास्त लोकांना काहीच झालं नव्हतं. कुत्र्यांनाही तिच्या चिकाने लाळ आणि एखादी उलटी ह्यापलीकडे सहसा काही होत नाही.

बरं, आता प्रत्यक्ष करायचं काय.

पहिलं म्हणजे कुत्र्याला झाडापासून बाजूला घ्या आणि तोंडात उरलेलं पान काढा, पण बोटं जपून, तोंड दुखत असलं की एरवी कधीही न चावणारा कुत्राही दात लावतो, तो रागाने नाही, वेदनेने. मग तोंड धुवायचं, आणि इथे पद्धत महत्त्वाची आहे. डोकं खाली झुकलेलं हवं, वर केलेलं नाही. गालाच्या बाजूने, दातांच्या फटीतून हळूहळू पाणी सोडायचं म्हणजे ते एका बाजूने आत जाऊन दुसरीकडून बाहेर सांडेल, घशाच्या दिशेने जोरात पिचकारी मारली तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाणी सोडूच देत नसेल तर सुती फडकं गार पाण्यात भिजवून हिरड्या, जीभ, ओठांच्या आतली बाजू हळू पुसून घ्या, फडकं दरवेळी धुऊन परत. चिंगीने पाणी सोडू दिलं नाही, तिला मी फडक्यानेच पुसलं, आठदहा वेळा, आणि दर दोन पुसण्यांनंतर ती स्वतःच जीभ बाहेर काढून फडकं चाटत होती, तेव्हा कळलं की तिला बरं वाटतंय.

नंतर गार पाणी पुढ्यात ठेवा. दोनतीन चमचे दूध किंवा साधं दही दिलं तरी चालतं, तोंडाची आग शमते, पण वाटीभर नाही, कारण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि मग जुलाब झाडाने झाले की दुधाने हेच कळेनासं होतं. आणि कुत्रा आधीच ओकत असेल तर तेही नको. पंजांना, नाकाला, छातीच्या केसांना चीक लागला असेल तर साध्या साबणाने धुवा, नाहीतर तो चाटून परत पोटात घेणार. चीक डोळ्यात गेल्यासारखा वाटला, म्हणजे डोळा मिचमिचा करतोय, पंजाने चोळतोय, तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि नंतर डॉक्टरांना दाखवायचाच.

हे चालू असताना घरात दुसरं कोणी असेल तर त्यांना झाडाच्या कामाला लावा. अख्ख्या झाडाचा एक फोटो, पानाचा जवळून, फूल किंवा फळ असेल तर त्याचा, आणि कुरतडलेले तुकडे एका पिशवीत. पान मूळचं केवढं होतं आणि उरलंय किती, ह्यावरून पोटात किती गेलं ते कळतं. मग डॉक्टरांना फोन, आणि फोनवर कुत्र्याचं वजन, वय, झाडाचं नाव, अंदाजे किती खाल्लं, किती वाजता, आत्ता काय होतंय, आधीचा काही आजार, चालू औषधं, एवढं पटापट सांगता आलं तर त्यांचं काम अर्धं होतं. काही देशांत प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तासांची हेल्पलाइन असते, तुमच्याकडे असेल तर नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा, ऐन वेळी शोधायला हात चालत नाहीत.

आता जे करायचं नाही ते. मिठाचं पाणी नाही, कधीच नाही. मिठाने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम एकदम चढतं, त्याने मेंदूवर परिणाम होऊन थरथर, झटके, अगदी मृत्यूपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे एका पानाच्या निमित्ताने आपणच खरं विष पाजलं असं होईल. मला तो हातातला डबा आठवला की अजून पोटात गोळा येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायचा सल्लाही फिरत असतो, काही प्रकारच्या विषबाधेत डॉक्टर ते सांगतात हे खरं, पण त्याने पोटाच्या अस्तराला जखमा होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांनी त्या कुत्र्यासाठी, त्या वेळी, मात्रा सांगून दिलं तरच. घशात बोट घालणं नाही. तेल नाही, ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. कोळशाची पावडर नाही, ह्या सुयांवर तिचा उपयोग नाही आणि ओकणाऱ्या कुत्र्याला जबरदस्तीने भरवली तर तीही श्वासात जाते. आणि दुखतंय बिचाऱ्याला म्हणून आपली गोळी द्यायची नाही, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना चांगलीच महागात पडतात, मनी प्लांटपेक्षा कितीतरी जास्त.

नावांच्या घोळाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरा धोका इथेच लपलेला असतो. पाम म्हणून आपण दोन झाडं आणतो, एक अरेका पाम, जी कुत्र्याने खाल्ली तरी विषबाधा होत नाही, आणि दुसरी सॅगो पाम, बुटकी, कडक काटेरी पानांची, जी खरं तर पामच नाही, सायकस आहे, तिचा प्रत्येक भाग विषारी, बिया सगळ्यात जास्त, आणि त्याने लिव्हर निकामी होतं. सॅगो पाममध्ये फसगत अशी की सुरुवातीला उलट्या होतात, मग कुत्रा सावरल्यासारखा वाटतो, आणि दोनतीन दिवसांनी कावीळ दिसते, तोवर हातातून बरंच निसटलेलं असतं, उपचार करूनही कित्येक कुत्री वाचत नाहीत. तसंच लिलीचं. पीस लिली म्हणजे नुसती तोंडाची आग, पण लिली ऑफ द व्हॅली थेट हृदयावर जाते, आणि खऱ्या लिली मांजरांची किडनी घालवतात, घरात मांजरही असेल तर हे लक्षात ठेवाच. आयव्ही म्हटलं तर कोणी मनी प्लांटला म्हणतं, कोणी इंग्लिश आयव्हीला. म्हणून दुकानातल्या पाटीवरचं लाडाचं नाव पुरत नाही, शास्त्रीय नाव माहीत हवं.

कण्हेर, अडेनियम, सॅगो पाम, एरंडाच्या बिया, कळलावी, धोत्रा, सदाफुली, ह्यांतलं काहीही खाल्लं असेल तर वर लिहिलेलं सौम्य वगैरे सगळं विसरा आणि लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा, कुत्रा उड्या मारत असला तरी. कण्हेरीची वाळलेली पानंही तेवढीच वाईट. आणि झाड ओळखताच येत नसेल तर ते धोकादायक आहे असं धरूनच चाला.

एक गोष्ट सगळे विसरतात ती कुंडीतली माती. पान निरुपद्रवी असलं तरी कुत्र्याने कुंडी उकरली असेल तर त्यात खत असतं, कीटकनाशकाचे दाणे असतात, आणि गोगलगायी मारायला टाकतात ते मेटाल्डिहाइड असेल तर काही वेळातच अंग थरथरायला लागतं, ती सरळसरळ इमर्जन्सी. हाडांच्या खताचा वास कुत्र्यांना आवडतो, ते पोटभर खाल्लं तर आतड्यात गोळा बसू शकतो. सजावटीचे गोटेही गिळले जातात. तेव्हा डॉक्टरांना झाडाचं नाव सांगताना मागच्या काही आठवड्यांत कुंडीत काय घातलं, काय फवारलं तेही सांगा.

मग पुढचे काही तास लक्ष ठेवायचं. नुसतं बघत बसणं अवघड जातं म्हणून मी काय बघायचं ते सांगते. ओठ उचलून हिरडी बघा, एरवी ती गुलाबी असते, बोटाने दाबून सोडली की पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात त्यांची जिभेची बाजू बघा. झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर होते ते मोजा, 30 च्या आत असली तर ठीक, धापा टाकत असेल तेव्हाची मोजणी धरायची नाही. हे आकडे कुत्रा धडधाकट असतानाच एकदा बघून ठेवले तर आजारपणात तुलना करता येते.

लाळ, तोंड चोळणं, एकदोन उलट्या, जेवायला नाही म्हणणं, हे मनी प्लांटच्या जातीत अपेक्षित आहे आणि काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात ओसरतं. पण जीभ किंवा घसा सुजतोय, श्वासाला घरघर येतेय, उलट्या थांबतच नाहीत, पाणीही टिकत नाही, उलटीत किंवा शीमध्ये रक्त आहे, हिरड्या फिक्या पडल्यात, चालताना तोल जातोय, थरथर किंवा झटके येतायत, हाक मारली तरी मान उचलत नाही, ह्यातलं काहीही एक दिसलं तर फोनवर बोलण्यात वेळ घालवू नका, निघा, फोन गाडीतून करा. अगदी लहान पिल्लू, म्हातारा कुत्रा, किडनीचा किंवा हृदयाचा पेशंट, आणि ज्यांचं तोंड मुळातच चपटं असतं त्या पग, बुलडॉगसारख्या जाती, ह्यांच्या बाबतीत मी लक्षणं सौम्य असली तरी थांबणार नाही, चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट आधीच अरुंद असते, थोडी सूजही त्यांना भारी पडते.

दवाखान्यात बहुतेक वेळा फार मोठं काही करत नाहीत. तोंड नीट तपासतात, उलटी थांबवायचं आणि पोटाचं अस्तर जपायचं औषध देतात, पाणी कमी झालं असेल तर कातडीखाली किंवा शिरेतून सलाईन, दुखणं कमी करायला कुत्र्यांसाठीचं औषध. ह्या सुयांवर वेगळा उतारा असा नसतोच, शरीर स्वतः भरून काढतं, तेवढ्या वेळात त्याला आराम मिळावा हाच उपचार.

उलट्या झाल्या असतील तर मोठ्या कुत्र्याचं पोट काही तास रिकामं राहू द्या, पाणी थोडं थोडं, एकदम भांडंभर नाही, नंतर हलकं खाणं कमी प्रमाणात. पिल्लांना मात्र जास्त वेळ उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते. दुसऱ्या दिवशी शीमध्ये पानाचे हिरवे तुकडे दिसले तर घाबरू नका, बाहेर पडतायत हे चांगलंच आहे.

चिंगी तेव्हा अजून प्रत्येक गोष्ट तोंडात घालून बघायच्या वयात होती, आणि त्यात दुपारभर एकटी कंटाळलेली. चावायला रबरी खेळणी आणली, दुपारी एक फेरी वाढवली, तेव्हापासून झाडांकडे तिचं लक्ष बरंच कमी झालं. मनी प्लांट मी काढून नाही टाकला, छताला टांगला, आणि वेल खाली उतरायला लागला की कापते, कारण लोंबणारं टोक हलताना दिसलं की तिचे कान अजूनही टवकारतात. आणि प्रत्येक कुंडीला आता एक चिकटपट्टी आहे, वर पेनाने शास्त्रीय नाव, आणि खाली शेवटचं खत कधी आणि कुठलं घातलं त्याची तारीख.